तिच्या बाजूचं दार

नेकनूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, गाडीने आपणहून तिसरा गिअर घेतला आणि सत्यशीलाने श्वास आत घेतला. ओरडली नाही, कण्हली नाही. दात मिटून नुसती हवा आत ओढली, भाजीवालीने भाव सांगितला की ओढते तशी, फक्त जरा लांब. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, आणि तो आवाज मागच्या सीटवरून कुणीतरी काढला असावा असा चेहरा करून बसली होती. धक्का मला नवा नव्हता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ही गाडी पाठीत धपाटा घालते हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पाहुणे बसले की आम्ही आधीच सांगून ठेवायचो, सांभाळा हं, आता येईल. तो यायचा आणि पाहुणे हसायचे. पण त्या दिवशी तासाभरापूर्वीच अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तिच्या मणक्याचा फोटो उजेडावर धरला होता. पापडाचा डबा काढताना ती स्टुलावरून पडली त्यात एक मणका दबला होता. पट्टा बांधायचा, वाकायचं नाही आणि झटका बसू द्यायचा नाही, असं ते म्हणाले, आणि झटका म्हणताना नेमकं माझ्याकडे पाहिलं, घरात झटके वाटायचं काम माझ्याकडेच असल्यासारखं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. नेकनूरच्या पुढे कळलं, ते काम माझ्याकडेच आहे.

"दुखलं का?" मी विचारलं. "न्हाई," ती म्हणाली. "मंग सुस्कारा कावून टाकला?" "टाकला न्हाई. घेतला." एवढं बोलून तिने पदर सावरला. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या युसूफ वडगावात अजून जन्मायचा आहे. मग मी गाडी इतकी हळू चालवली की ती तिसऱ्यात जाऊच नये. मागून ऊस भरलेले ट्रॅक्टर भोंगे वाजवत आम्हाला ओलांडून गेले, त्यावर बसलेली ऊसतोड टोळीतली पोरं वळून वळून बघत राहिली. बैलगाडीलाही लाज वाटावी अशा चालीने आम्ही मांजरसुंब्याला पोचलो. घाट उतरताना मी तिच्या श्वासाकडे कान लावून होतो. चढउतार, खड्डा, गतिरोधक, कशालाच तिने श्वास ओढला नाही. खड्डा माणसाला आधी दिसतो आणि तो अंग चोरतो. हा धक्का मात्र आतून यायचा, कुठे येईल ते फक्त गाडीला माहीत.

ही गाडी आमच्याकडे आली ती माझ्या डाव्या पायामुळे. लहानपणी तापात तो गेला आणि पुढे नुसता शरीराला लटकून राहिला. वडगावात लोक मायाळू, त्यामुळे तोंडावर कुणी लंगडा म्हणायचं नाही. पण पाणंदीने निघालो की कुणीतरी बैलगाडी थांबवायचाच, बसा मालक, सोडतो. आयुष्यभर मला लोकांनी सोडलं. शाळेत सोडलं, बाजारात सोडलं, लग्नाच्या मांडवातसुद्धा दोघांनी बखोटीला धरून नेऊन सोडलं. माझे थोरले भाऊ सुंदरराव राजकारणात, आज बीड उद्या मुंबई. त्यांनी कुठल्याशा ओळखीने मुंबईहून ही परदेशी डिझेल गाडी आणली, तेव्हाच म्हातारी, पण अंगाने दणकट. अंगणात उभी करून म्हणाले, "राधाकिशन, बस बे. हिला डावा पाय लागतच न्हाई." क्लच नाही, गिअर टाकायचा नाही, उजव्या पायाने दाबायचं आणि तिने जायचं. मी बसलो. सत्यशीला शेजारी येऊन बसली, पोटाशी आमचा प्रविण होता तीन-चार वर्षांचा. केजपर्यंत गेलो आणि परत आलो. पस्तिशीत मी पहिल्यांदा कुणालातरी सोडलं होतं. त्या रात्री मला आनंदाने जेवण गेलं नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण ते खरं आहे.

बीडला, आता राहतो त्या घरासमोर गाडी उभी केली, किल्ली फिरवून काढली आणि नेहमीप्रमाणे इंजिन चालूच राहिलं. आमच्या गाडीचा हा दुसरा स्वभाव. किल्ली खिशात घालून माणूस उतरला तरी ती घुरघुरत राहते. पुढे बॉनेटखाली एक लाल दांडी आहे, ती दाबली की बिचारी शांत होते. हे काम सत्यशीलाचं. आधी ती उतरणार, बॉनेट उचलणार, दांडी दाबणार, बॉनेट दाणकन आपटणार, मग तिच्या बाजूच्या दाराला आत हुकावर लटकवलेली माझी काठी घेऊन वळसा घालून माझ्या दाराशी येणार. गल्लीतल्या बायका तो दाणकन आवाज ऐकून म्हणायच्या, आले बघा नवरा-बायको. मला त्यात कमीपणा वाटला नाही कधी. गाडी चालवायची मी आणि थांबवायची तिने, अशी वाटणी होती, आणि बऱ्याच संसारांत असते त्यापेक्षा ती बरी होती. त्या दिवशी मात्र तिने दाराला हात घातला आणि कमरेच्या पट्ट्याने तिला जागेवरच धरलं. "बस," मी म्हणालो. तिने काठी हुकावरून काढून माझ्याकडे सरकवली. मी उतरून, गाडीला धरून धरून पुढे गेलो, बॉनेट उचललं, एका हाताने काठी, एका हाताने बॉनेट, मग दांडी दाबायला तिसरा हात कुठून आणायचा या विचारात उभा राहिलो. काचेतून ती मला बघत होती. माझी अडचण बघून ती हसेल असं वाटलं. हसली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मला दिसलं आहे हे कळताच तिने मान फिरवली.

संध्याकाळी प्रविणचा पुण्याहून फोन आला. आईने त्याला काही सांगितलं नसणार, ती सांगणारी नव्हे, पण त्याने डॉक्टरांनाच विचारलं असावं. "आण्णा, आईला आता त्या गाडीत न्यायचं न्हाई. पुढच्या सोमवारी परत दाखवायला जायचंय तवा मी इकडून गाडी पाठवतो. डायवर हाय. तुमी मागं आरामशीर बसा." आरामशीर मागे बस, हे वाक्य मी बैलगाडीपासून ऐकत आलो आहे. मी म्हटलं, "गाडी दुरुस्त करतो." तो म्हणाला, "ती गाडी आता दुरुस्त व्हायची न्हाई, आण्णा. इका ती." त्याचं चूक नव्हतं. पोरगा आईच्या पाठीसाठी बोलत होता. पण फोन ठेवून मी मला काय काय जमतं ते मोजायला बसलो. तिला चहा करून द्यायला गेलो तर कप घेऊन चालताना चहा सांडतो. भाजी आणायला गेलो तर पिशवी तीच उचलते. पाणी, दळण, गॅसची टाकी, यांतलं काहीच मला कधी जमलं नाही. या बाईसाठी एकच गोष्ट मला करता येते: तिला गाडीत बसवून हव्या त्या ठिकाणी न्यायचं. गाडी गेली की मी घरातलं एक सामान.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच बार्शी नाक्याला शहादेव मेस्त्रीकडे गेलो. शहादेव म्हणजे उत्साहाचा डोंगर. हाताला यश किती ते सांगवत नाही, पण तोंडाला भरपूर. त्याने माझं ऐकून घेतलं, मोबाईल काढला आणि कुठल्यातरी गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला. तो माणूस अशाच गाडीखाली पडून काहीतरी फिरवत होता. "काका, सोपं हाय," शहादेव म्हणाला. "डिझेलचं इंजिन सोताहून वारा खेचत न्हाई. म्हणून ह्याला येगळा पंप दिलेला असतोय. त्यो वारा खेचून गिअरबॉक्सच्या डबीला देतो. खेच चांगली आसंल तर गिअर मऊ पडतो, खेच कमी आली की दाणकन. आता ह्या डबीत एक बारीक चावी हाय. ती जराशी सैल केली की धक्का गायब!" तो गाडीखाली शिरला, रबरी टोपण काढलं, चावी फिरवली, बाहेर येऊन हात पुसले आणि जग जिंकल्यासारखा उभा राहिला. मी घरून येताना एक तांब्या आणला होता. तो काठोकाठ भरून सत्यशीलाच्या सीटवर ठेवला आणि भोवती सीटचा पट्टा बांधला. "पानी कावून?" शहादेवने विचारलं. "ही माझी बायको समज," मी म्हटलं.

तांब्या घेऊन मी मांजरसुंब्याच्या दिशेने निघालो. सपाट रस्त्यावर गाडी तिसऱ्यात कधी गेली ते मला कळलंच नाही. तांब्यातलं पाणी नुसतं थरथरलं. मला इतका आनंद झाला की मी तांब्याशी बोललो. काय म्हणालो ते इथे सांगण्यासारखं नाही. मग घाट लागला. पहिल्या वळणावर पाय जरा दाबला आणि इंजिनाने एकदम टाहो फोडला. आवाज वर वर चढत गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी, धरायला काही नसल्यासारखी. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे एसटी. क्षणभर गाडी मागे घसरतेय की काय असं वाटलं, आणि मी तांब्याकडे पाहिलं. तांब्याच्या जागी ती असती तर? मग खालून काहीतरी धाडकन लागलं, गाडीने उडी घेतली आणि सगळं पाणी सीटवर. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन मी थांबलो. किल्ली फिरवली. इंजिन चालूच. बाहेर उतरून दांडी दाबायची हिंमत होईना, म्हणून तसाच घुरघुरत्या गाडीत बसून राहिलो. चावी सैल करून धक्का गेला नव्हता, तो फक्त घाटात जाऊन दबा धरून बसला होता. घरी गेलो तर सत्यशीलाने दारातूनच तांब्या पाहिला. "हा वला कावून हाय?" "पाणी नेलतं." "गाडीला?" "व्हय." "मंग सीट कावून वली हाय? गाडीनं बसून पाणी पेलं?" ती हसली, आणि हसताना बरगडीला हात लावला, हसणंही दुखत होतं.

ती रात्रभर एका कुशीवर झोपायची. झोपायची म्हणजे पडायची. मला ठाऊक आहे, कारण मीही जागाच असायचो. दुखत असताना माणूस ओरडला की शेजारच्याला सुटल्यासारखं होतं. ती ओरडत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिच्या पायावर उकळतं दूध सांडलं होतं तेव्हाही तिने असाच श्वास आत ओढला होता, आणि मग म्हणाली होती, दूध गेलं. मी तिच्या पाठीला हात लावायला जायचो आणि मागे घ्यायचो. कुठे लावला तर बरं वाटेल ते कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शहादेवला म्हटलं, चावी होती तिथे परत आण, आणि आज गाडी तू चालव, मी शेजारी बसतो. मला तो धक्का ज्या जागी बसतो त्या जागी बसून बघायचा होता. डाव्या बाजूचं दार उघडलं, आधी बूड टेकवलं, मग हाताने डावा पाय उचलून आत घेतला, आणि बसल्यावर एकदम चमत्कारिक वाटलं. इतक्या वर्षांत मी या सीटवर कधी बसलोच नव्हतो. गाडी माझी, पण ही जागा परकी. इथून रस्ता वेगळा दिसत होता, कडेची बाभळीची झाडं अंगावर येत होती, आणि धरायला स्टिअरिंग नव्हतं. शहादेवने वेग धरला. मला माहीत होतं की धक्का येणार, कुठे येणार तेही माहीत होतं. तरी तो आला तेव्हा माझी मान मागे गेली, पुढे आली आणि कमरेतून एक कळ वर चढली. चालवताना हा धक्का हातांत जिरतो. इथे तो सगळाच्या सगळा पाठीत घुसतो. मी धरायला हात पुढे केला आणि माझी बोटं समोरच्या फळीवर एका जागी जाऊन टेकली. तिथे रेक्झिन गुळगुळीत होतं. चार बोटांची जागा, बाकीच्या फळीपेक्षा काळपट, झिजलेली, कडेला अंगठ्याचा घट्टा पडावा तशी खूण. खाली पाहिलं. पायातल्या गालिच्यावर दोन टाचांच्या जागी केस उडून नुसतं जाळं उरलं होतं. ती टाचा रोवून आणि बोटं रोवून बसत आली होती. हसून, गप्पा मारत, प्रविणला डबा देत, माझ्या भावाच्या निवडणुकीच्या गोष्टी ऐकत, प्रत्येक वेळी तिसऱ्याच्या आधी ती रोवून बसायची. आणि तिचा चेहरा मात्र मला नेहमी निवांत दिसला होता. "बघा काका, कसला बसला!" शहादेव म्हणाला. मी त्याला गाडी बाजूला घे म्हटलं.

तो बाहेर उतरून पान लावत उभा राहिला. इंजिन चालू होतं. मी त्या चार बोटांच्या जागेवर माझी चार बोटं ठेवून बसलो. तिची बोटं बारीक, माझी बसत नव्हती. मग उतरावं म्हणून हुकावरची काठी काढायला वाकलो, आणि गाल दाराला लागला तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. सूं… असा. फार बारीक. सकाळी पातेल्यावर झाकण अर्धं राहिलं की येतो तसा. मी हुकावर बोट दाबलं, आवाज थांबला. बोट काढलं, परत सुरू. शहादेवला हाक मारली. त्यानेही कान लावला, पान गालात सरकवलं आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. मग बोलायला लागला तो थांबेना. पंप एकच, पण त्याच्या वाऱ्यावर गिअरची डबी चालते, इंजिन बंद करायची डबी चालते आणि चारी दारांची कुलपंही चालतात. सगळ्यांना बारीक नळ्या गेलेल्या. म्हणजे एका विहिरीवर चार पाट, मी मनात म्हटलं, एक पाट फुटला की चारी वावरं कोरडी. गॅरेजला जाऊन त्याने पंपाला वाऱ्याची खेच मोजायचा काटा लावला. काटा चढायचा आणि उतरायचा. दाराकडे जाणारी नळी चिमटीत दाबून धरली तर काटा वर जाऊन तिथेच थांबला. "चावीचा काय बी दोष न्हाई काका. मी उगाच फिरवली," तो म्हणाला. मग त्याने हुक खोलला. स्क्रू निघता निघेना. बाहेर आला तो बोटभर लांब. दाराचं आतलं पान काढलं, आणि त्या भोकाच्या समोर पिवळी बारीक नळी होती, बरोबर मधोमध भोसकलेली.

तो स्क्रू मी ओळखला. गाडी आमच्याकडे नवी नवी आली तेव्हा माझी काठी कुठे ठेवायची हा प्रश्न होता. मागे ठेवली तर उतरताना मिळायची नाही, पुढे ठेवली तर घरंगळायची. एकदा केजच्या बाजारात काठी घरंगळत येऊन ब्रेकखाली अडकली आणि मी एका भांड्यांच्या दुकानात गाडी घालता घालता राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उठलो तर सत्यशीला गाडीचं दार उघडून ओणवी बसली होती, शेजारी प्रविण, हातात शिवणयंत्राचा पेचकस. गोठ्याच्या दाराचा जुना बिजागरीचा स्क्रू तिने काढून आणला होता, कारण लांब आहे, हलायचा नाही. तिने अंगाचं सगळं वजन टाकून तो आत पिळला, त्यावर पितळी हुक, हुकावर माझी काठी. "आता तुमची काठी माझ्याकडं," ती म्हणाली, "तुमी नुसतं समोर बघा." त्याच आठवड्यात गाडी बंद व्हायची थांबली आणि धपाटे घालू लागली, हे आता आठवतं. तेव्हा सुंदररावांनी नव्या पेट्रोल पंपावरच्या डिझेलला शिव्या दिल्या होत्या, आम्हीही दिल्या. कुठल्यातरी मेस्त्रीने बॉनेटखालची लाल दांडी दाखवून सांगितलं, ही दाबा, जुन्या डिझेलचं असंच असतं. आम्हाला पटलं. म्हाताऱ्या माणसाला खोकला असतो तसा गाडीला धक्का असतो, असं समजून आम्ही तिच्याबरोबर राहिलो. दाराकडे कुणी कशाला बघेल? दार काय करतंय बिचारं.

शहादेवने नळीचा तुटका भाग कापून मधे रबराचा तुकडा बसवला. काटा चढला आणि खिळून राहिला. "हुकाचं काय करू? टाकून देऊ?" त्याने विचारलं. "परत लाव," मी म्हटलं, "त्याच जागी. बारका स्क्रू घे." "कुनी लावलावता येवढा लांब? येडाच आसंल बे." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. जुना स्क्रू मी खिशात टाकला. घरी जाताना तो वरच्या खिशातून छातीला टोचत होता. मला एकच भीती वाटत होती, आणि ती गाडीची नव्हती. ही गोष्ट तिला कळली तर ती काय करेल ते मला दिसत होतं. ती बोलणार नाही. ती रात्री कुशीवर पडून हिशोब घालत बसेल, आपल्याच हाताने, आपल्याच स्क्रूने, आणि मग पाठीपेक्षा ते जास्त दुखेल. रस्त्यात बिंदुसरेच्या पुलावर गाडी हळू केली आणि काच खाली करून स्क्रू नदीत फेकला. नदीत पाणी नव्हतं. तो कुठेतरी वाळूत पडला असेल.

दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन घाट परत चढून आलो आणि प्रविणला फोन करून सांगितलं, गाडी पाठवू नको. तो चिडला. मी म्हटलं, "घाटात तांब्या घेऊन गेलतो, थेंब सांडला न्हाई." "तांब्या?" तो म्हणाला, आणि मग आईला फोन द्या म्हणाला. आईने फोन घेतला, माझ्याकडे बघत बघत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे आण्णा नेतेत मला. तू कामं कर तुझी." तिने धक्का गेला की नाही ते विचारलंही नव्हतं.

सोमवारी सकाळी तिला उशी देऊन बसवली. तिने सवयीने काठी हुकावर लावली, आणि तिचा हात हुकावर जरा जास्त थांबला. "हा काढलावता का?" "व्हय. दार साफ केलं." "इस्क्रू बदलला." "गंजलावता." "माझा लांब व्हता." "लांब व्हता," मी म्हटलं, "म्हणून तर इतका टिकला." ती खिडकीबाहेर बघू लागली. नाका ओलांडला, रस्ता मोकळा झाला. मी रस्ता कमी आणि तिचा उजवा हात जास्त बघत होतो. तो हात उचलला गेला, पुढच्या फळीवर त्या जागी जाऊन टेकला, बोटं पांढरी झाली, टाचा रोवल्या गेल्या. गाडी तिसऱ्यात गेली. गेल्याचं जाणवलंही नाही, फक्त इंजिनाचा आवाज एक पायरी खाली आला. तिची बोटं तशीच होती. ती वाट बघत होती. घाट चढलो, मांजरसुंबा गेलं, पलीकडे आष्टीकडून आलेल्या टोळ्यांचे ट्रक उभे होते, नेकनूर आलं आणि मागे पडलं. केव्हातरी तिची बोटं सैल झाली, हात मांडीवर आला. मग बघतो तर तिची मान कलली होती आणि तोंड किंचित उघडं. पडल्यापासून ती पहिल्यांदा झोपली होती. मला रडू आलं. उसाच्या ट्रॅक्टरांना मी खुशाल पुढे जाऊ दिलं.

अंबाजोगाईला दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली गाडी उभी केली. ती जागी झाली, कुठे आलो ते कळायला तिला क्षण लागला, मग तिने पदर सावरला आणि दाराकडे हात नेला. "थांबा," ती म्हणाली, "मी बंद करते." "तू उतरू नको. इथूनच कर." तिला कळलं नाही. मी तिचा हात धरला आणि स्टिअरिंगच्या डाव्या बाजूच्या किल्लीवर ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. लिंबावरच्या चिमण्या एकदम ऐकू आल्या. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच." ती किल्लीवरून हात काढेना. आधी त्या दाराकडे, मग हुकाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. ती जे विचारणार होती ते मला ठाऊक होतं आणि ते तिने विचारू नये असं मला फार वाटत होतं. "मंग इतकी वर्सं," ती म्हणाली, "मी कावून उतरत व्हते?"

"माझी काठी आणायला," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली. मग हुकावरून काठी काढली, दार उघडलं आणि पट्टा सांभाळत, माझं न ऐकता, सावकाश उतरली. एका हातात माझी काठी, दुसरा हात बॉनेटवर टेकवत ती गाडीला वळसा घालू लागली. मी माझ्या बाजूचं दार उघडून बसून राहिलो.